नाटकातला नवरा

संध्याकाळी साडेसातला आमच्या घरात भाकरी थापायची पंचाईत होते. सूनबाईची मालिका लागते. ती पीठ मळता मळता उठून दारात येते, हात पिठाचे आणि डोळे पडद्यावर. मी म्हणते, बाई, तू बस, मी थापते. तर म्हणते, "नाही आई, एवढा एकच सीन." तो एक सीन म्हणजे काय, तर दाढी वाढवलेला एक गडी एका पोरीचं मनगट धरून उभा असतो. तो बोलत नाही, ती बोलत नाही. मागं ढमढम वाजतं. त्याचं तोंड डावीकडून दाखवतात, उजवीकडून दाखवतात, मग समोरून दाखवतात. तेवढ्यात माझ्या तीन भाकरी होतात.

"हा असा काहून पाहून राह्यला? दाढ दुखते का त्याची?" आमचे हे शेंगा फोडता फोडता विचारतात.

"बाबा, हिरो आहे तो. त्याला राग आलाय," सूनबाई सांगते.

"मंग सांगाव न तसं, राग आला म्हून."

पण तो सांगत नाही. सांगितलं तर मर्द कसला? मालिकेत पुरुष दोनच जातीचे असतात, हे मी इतक्या वर्षांत पाहून ठेवलं आहे. एक रागीट. त्याच्या काळजात म्हणे जखम असते, म्हणून तो भिंतीवर बुक्की मारतो, आरसा फोडतो, आणि मग त्या पोरीनं त्याच्या हाताला पट्टी बांधायची. ती काच झाडली कोणी, हे कधी दाखवत नाहीत. दुसरा गरीब. त्याला चष्मा दिलेला असतो आणि हातात डबा. तो मान खाली घालून बोलतो, म्हणून त्याच्याशी कोणी लग्न करत नाही. पाहणारीनं यातून काय ते समजून घ्यायचं.

मी हसते. पण हसता हसता काहीतरी जुनं आठवतं. कारण असाच एक रागीट गडी नाटकात पाहून मी एकदा माझं स्वतःचं लग्न मोडायला निघाले होते. माझं पुढं काय झालं असतं, याचा विचार अजूनही अंगावर येतो, आणि मग बाजूला शेंगा फोडणाऱ्या माणसाकडे पाहून जीव भांड्यात पडतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, मिलोची, लाल भाकर तोंडातून गेली होती आणि घरची ज्वारी पुन्हा दिसू लागली होती. आमचं गाव इंझोरीच्या बाजूचं. घरात बाबा, माय आणि मी. मोठी बहीण, माझी ताई, लग्न होऊन गेलेली.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. पोरगा गाय हाय, मान वर करून बोलत नाही. खरंच नव्हता बोलत. चारचौघांत तो पुढंही कधी बोलला नाही. घराचं दार लावलं की त्याला वाचा फुटायची, आणि वाचेच्या मागोमाग हात. ताई माहेरी यायची ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून. माय काही विचारायची नाही. न्हाणीत तिच्या अंगावर पाणी ओतायची, पाठ पाहायची आणि खोबरेल लावून द्यायची. बाबा बाहेर बसून म्हणायचे, "तिचं घर हाय. आपून काय बोलाव?" मला त्या वाक्याचा इतका संताप यायचा की मी बादली मुद्दाम आपटायची.

म्हणून माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा त्यांची जमीन किती, घर कौलाचं की टिनाचं, यातलं काही मला ऐकायचं नव्हतं. मला एकच विचारायचं होतं. मारतो का? पण हे विचारायचं कोणाला? मारणारा कधी सांगतो का, मी मारतो म्हणून?

स्थळ मामानं आणलं होतं. कारंजाच्या रस्त्यावरचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन, पोराचे आईबाप वारलेले, घरात एक आत्या. ती आत्या आणि एक काका येऊन मला पाहून गेले. चालायला लावलं, पेपर वाचायला लावला. सातवी पास म्हटल्यावर आत्याबाई खूश झाल्या. पोरगा काही आला नाही. तेव्हा तसंच असायचं, पोरगा एकदम साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्यालाच दिसायचा.

"पोरगा काहून नाही आला?" बाबांनी विचारलं.

"तालमी चालू हायेत न भाऊजी," मामा म्हणाला. "जयंतीचं नाटक बसवून राह्यले तिथं. तुमी या न सगळे जयंतीले. पोरगा बी पाहून होईन, अन् कोनाले समजनार बी नाही. मुख्य काम त्याचंच हाय."

जयंती तेव्हा एप्रिलभर गावोगावी वेगवेगळ्या दिवशी व्हायची, म्हणजे एकमेकांच्या गावी जाता यायचं. ताई माहेरी आलेलीच होती. आम्ही बंडी जुंपली आणि दुपारचं ऊन अंगावर घेत निघालो. बाबा पुढं बैलांपाशी, मागं माय, ताई आणि मी. ताई मला चिडवत होती, "आज नवरदेव फुकटात पाह्यले भेटून राह्यला तुले." मी तोंड फिरवून बसले होते, पण डोक्याला तेल लावून वेणी चापूनचोपून घातली होती, ते काय उगीच?

नाटक रात्रीचं होतं. पण कारंजावरून यायच्या गॅसबत्त्या आल्याच नाहीत. मग ज्या मास्तरांनी नाटक लिहिलं होतं त्यांनी ठरवलं, उन्हं कलली की उजेडातच उरकून टाकू. विहारासमोर दोन बंड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. पडदा म्हणून पांढऱ्या चादरी. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला आम्ही बायका. मामा बाबांजवळ बसायला येणार होता, पण त्याला मिरवणुकीच्या लोकांच्या जेवणावर धरलं, आणि तो तिकडं वाढपातच अडकला.

नाटक दारूवर होतं. नवरा पितो, बायकोला मारतो, बायको पोरांना शाळेत घालायसाठी झगडते आणि शेवटी त्याला ताळ्यावर आणते. बायांची कामं अर्थातच गडीच करायचे. आमच्याकडची कोणती बाई तेव्हा बंडीवर चढून नाटक करणार होती?

चादर सरकली आणि नवरा आला. आला म्हणजे काय, फळ्या हादरल्या. उंच, रुंद, गालापर्यंत गेलेली काळीभोर मिशी, हातात लाठी. पहिल्याच आरोळीला माझ्या बाजूच्या बाईचं लेकरू घाबरून रडायला लागलं. पुरुषांच्या अंगानं टाळ्या पडल्या. मी बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसले होते, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद, की जणू कारंजाच्या बाजारातून बैलजोडी हेरली आहे.

 मुख्य काम. म्हणजे हाच.

त्याची ती बायको झालेला गडी अंगानं बारीक होता. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्याच्याकडे मी आधी नीट पाहिलंच नाही. मी पाहत होते मिशीकडे. हा माणूस आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी, अशीच लाठी घेऊन उभा राहिला तर?

मग तो प्रसंग आला. बायको चुलीपुढं बसली आहे. चूल म्हणजे तीन दगड, त्यावर वरणाचा गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. नवरा झोकांड्या खात येतो, पैसे मागतो, ती नाही म्हणते. तो लाठी उचलतो. आणि त्या बायकोनं तोंड झाकलं नाही, किंचाळलीही नाही. तिनं पहिल्यांदा पदराचं टोक हाताला गुंडाळून चुलीवरचा गंज उचलला आणि मागच्या चादरीशी, लाथ पोचणार नाही अशा जागी ठेवला. मगच डोकं गुडघ्यात घातलं.

बायकांच्या अंगाला एकदम शांत झालं. इतका वेळ कोणी कुजबुजत होतं, कोणी लेकरू थोपटत होतं, ते सगळं थांबलं. ताईनं माझा हात धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली. मायनं मान खाली घातली. सांगायला कशाला पाहिजे? मार तर पडायचाच असतो. पण वरण सांडलं तर पोरं उपाशी राहतील. ज्या बाईनं मार खाल्ला आहे तिला आधी गंज सुचतो.

पुरुषांच्या अंगाला मात्र लाठी पाहून शिट्ट्या चालल्या होत्या.

शेवटी काय, वस्तीतल्या बाया एक होतात, दारूचे माठ फोडतात, नवरा बायकोची माफी मागतो, सगळे मिळून गाणं म्हणतात. मला त्यातलं काही दिसलं नाही. मामा भेटायच्या आत दिवस मावळायला आला आणि बाबांनी बैल जुंपले.

गाव मागं पडलं. मग बाबाच म्हणाले, "गडी खमक्या हाय. आवाज पाह्यला का? असा जवाई पायजे. वचक असते मानसाचा."

"मले नाही पायजे," मी म्हणाले.

बंडी चालवता चालवता बाबा मागं वळले. पोरीनं असं तोंडावर बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. "काय बोलून राह्यली तू?"

"मारकुटा हाय तो."

"अवं, नाटक होतं ते. अन् सुधारला न तो शेवटी."

"नाटकात सुधारला, मास्तरानं लिहून देलं म्हून. घरी त्याले कोन लिहून देईन?"

ताई खुदकन हसली. बाबांनी बैलांना उगीच एक चाबूक हाणला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. साक्षगंधाची तारीख धरली होती, बाबांनी चार लोकांना सांगितलं होतं. मामा त्या दिवसांत वाशिमकडे कुठं कामाला गेलेला, त्याला विचारायची सोय नाही. मी मायपाशी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवले. ताईच्या वेळी गरीब दिसणारा असा निघाला. मग हा तर दिसायलाच असा, हा काय निघेल? माय म्हणायची, "बाई, सगळेच काही तसे नसतात." पण आवाजात जोर नसायचा. शेवटी मी मनाशी ठरवलं. साक्षगंधाला सगळे बसले की मीच उभी राहीन आणि सांगेन, मले पसंत नाही. मग बाबा मला मारोत की घराबाहेर काढोत. सकाळी दळताना जात्यावर बसून मी तेवढे तीन शब्द म्हणून पाहायची. जात्याच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नसत.

साक्षगंधाच्या दिवशी त्यांची बंडी दारात आली. मी आत कुडाच्या भोकाला डोळा लावून उभी. बाबा नवं धोतर नेसून दारात, मान उंच करून मिशी शोधत होते.

बंडीतून आत्या उतरल्या, काका उतरले, मग एक बारीक अंगाचा, सावळा, गुळगुळीत दाढी केलेला तरुण उतरला. त्यानं बाबांच्या पायांना हात लावला.

बाबांनी त्याच्या डोक्यावरून मागं पाहत विचारलं, "नवरदेव कुठं हाय?"

"मीच हावो," तो म्हणाला.

बाबांना काही उमगेना. "अन् तो? तो मिशीवाला?"

"तो आमच्या गावचा शिंपी हाय. आला हाय न तो बी. मांगं बसला हाय."

मागून तो रुंद गडी उतरला. मिशी नव्हती, ती बकऱ्याच्या केसांची होती हे मग कळलं. कडेवर एक शेंबडं लेकरू, काखोटीला दुपट्यांची पिशवी. मागून त्याची बायको उतरत त्याला म्हणत होती, "अवो, त्याच्या डोक्यावर टोपी कुठं हाय? एक काम धड करत नाही हा मानूस." तो गडी कसनुसं हसला आणि बंडीत वाकून टोपी शोधायला लागला.

मी कुडाला टेकून खाली बसले. हसावं की रडावं ते कळेना. ताई बाजूला होती, तिनं पदर तोंडात कोंबला होता. मग मी उठून पुन्हा भोकाला डोळा लावला. तो बारीक तरुण पाय धूत होता. पाय धुऊन झाल्यावर त्यानं ओला हात सवयीनं कानामागं नेला, पदर सारखा करावा तसा, आणि पदर नाही हे ध्यानात येऊन हात खाली घेतला. तालमींची सवय अजून गेली नव्हती. तेव्हा मला कळलं. हिरवं लुगडं. गंज.

मागं मात्र वेगळंच सुरू झालं. पाहुण्यांबरोबर आलेल्या मामाला बाबांनी मागच्या अंगणात ओढून नेलं होतं.

"तू म्हने मुख्य काम त्याचं हाय."

"मंग? मुख्यच होतं न."

"मुख्य काम बाईचं असते काय?"

"भाऊजी, नाटकच बाईचं होतं. तो शिंपी त चार येळा येऊन बोंबलून गेला."

"लुगडं नेसनारा जवाई करू मी? लोक तोंडात शेन घालतीन माह्या. जमत नाही म्हनून सांग त्याईले."

आता माझी पंचाईत पाहा. इतके दिवस जे म्हणायला मी घोकत होते, तेच बाबा म्हणत होते. आणि मला आता तोंड फाडून सांगायचं होतं की नाही, नाही, जमते, लय जमते. पण ते कोणत्या तोंडानं सांगणार?

सांगितलं मायनं. ती भज्यांचं पीठ भिजवत होती, तशीच उठून मागच्या दारात गेली. माझी माय बाबांपुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशीही मोठ्यानं बोलली नाही.

"त्यानं गंज सरकवला, तुमी पाह्यला होता का?" तिनं विचारलं.

"कोनता गंज?" बाबा म्हणाले.

"चुलीवरचा."

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामा तर तेव्हा वाढपात होता. "नाटकात गंज कुठून आला?"

"मंग तुमी नाटक पाह्यलंच नाही," माय म्हणाली. "मोठीच्या येळी मी चूप बसली. आता नाही बसत. बोलावा पोरीले, पाट मांडून हाय."

 बाबा खाकरले, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि पुढच्या अंगणात जाऊन पाहुण्यांना म्हणाले, चहा घ्या. आमच्या घरात होकार असाच आला. मी पाटावर बसले आणि ते घोकलेले तीन शब्द गिळून टाकले. पेढा दिला तो बरोबर त्यांच्यावरून खाली गेला.

लग्न विहारात झालं, पांढरं लुगडं, वंदना, आणि उन्हं चढायच्या आत जेवणं. शिंप्यानं माझं पोलकं फुकट शिवून दिलं. त्याच्याच बायकोनं मला पुढं सगळं सांगितलं. नवऱ्याच्या पार्टासाठी गावात मारामारी होती, मिशी आणि लाठी सगळ्यांनाच पाहिजे होती. बायकोच्या पार्टाला कोणी तयार होईना, लोक नाव ठेवतील म्हणून. तेव्हा हे म्हणाले, मी नेसतो, आणि घरातल्या पेटीतून त्यांच्या वारलेल्या मायचं हिरवं लुगडं काढून आणलं. तालमीत लाठी उगारून झाली की शिंपी रोज विचारायचा, "भाऊ, लागलं त नाही न?" असा तो आमचा मारकुटा.

म्हणजे सगळं छान झालं, असं वाटेल. पण माझ्या मनातला काटा निघाला नव्हता. बिनमिशीचा, कमी बोलणारा, गरीब. असाच तर ताईचाही होता. एकदा मी ह्यांना विचारलं, "तो गंज उचलाचं मास्तरानं सांगतलं होतं का?" हे म्हणाले, "नाही. पाह्यलं होतं." आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मी विचार करत बसले. पाहिलं, म्हणजे बापाला मायवर हात उगारताना पाहिलं. पण पोरगा बापाला पाहून मारायलाही शिकतो, नाही का? मी वाट पाहू लागले. खरा राग येईल तेव्हा कळेल. आणि तो येतच नव्हता, त्यामुळं मी आणखीच धास्तावले. भांडण काढायला मी काही कमी नव्हते, पण हे भांडायच्या आधीच शेताकडे जायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ताई आली. या वेळी ती माहेरी गेली नाही, सरळ माझ्याकडे आली, लांब बाह्यांचं तेच पोलकं घालून. आत्या गावाला गेल्या होत्या. घरात ज्वारी सरत आली होती आणि ताईच्या पुढं मला जाडीभरडी कण्यांची भाकर ठेवायची नव्हती. आढ्याला ज्वारीची कणसं टांगलेली होती, मोठमोठी, मोत्यासारख्या दाण्यांची. मी काढली, झोडपली, दळली. ताईनं जात्याला हात लावला. दोघींनी गाणी म्हटली. चुलीवर तुरीचं वरण चढवलं.

हे दुपारी शेतातून आले. पाय धुऊन आत आले आणि वर पाहिलं.

"कनसं कुठं हायेत?"

"दळली," मी म्हणाले.

"दळली?" त्यांचा आवाज असा चढला की मला पहिल्यांदा कळलं, शिंप्याचा आवाज काहीच नव्हता. "बियाचे होते ते. पूर्ण वावरात हिंडून एक एक निवडलं होतं मी. आता काय पेराव? डोकं हाय का नाही तुले?"

मी कशाची गप्प बसते? "कनसावर काय लिहेल होतं, बियाचे का खायाचे? सांगाचं नाही का मानसानं?"

हे ताडकन पुढं आले. एक पाऊल. डोळे लाल, हात वर झालेला. मारायला की नुसता आढ्याकडे दाखवायला, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनाही नसेल.

मी विचार केला नाही. माझा हात आपोआप चुलीकडे गेला आणि पदर गुंडाळून मी वरणाच्या गंजाचा काठ धरला. धरला तर दुसऱ्या बाजूनं तो आधीच धरलेला होता. ताईनं. आम्ही दोघी बहिणी एक गंज दोन्हीकडून धरून, उकिडव्या बसून, भिंतीकडे सरकत होतो. मला नवऱ्यानं कधी बोट लावलं नव्हतं. तरी माझ्या हाताला ते कोणी शिकवलं होतं?

ह्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं. चार हात आणि एक गंज. वर झालेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.  त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि उंबऱ्यापाशी जमिनीवरच बसले.  गंज आमच्या हातात, खाली ठेवायचंही सुचत नव्हतं.

मग हे उठले. आम्ही दोघी आणखी एक वीत मागं सरकलो. ते वाकले आणि त्यांनी गंज आमच्या हातातून घेतला, तसाच, फडकं न घेता. बोटं भाजली असणार. तो उचलून पुन्हा चुलीवर ठेवला, दगडांवर नीट बसवला, खालचं लाकूड आत सारलं.

"शिजू द्या त्याले," ते म्हणाले. "कच्चंच हाय अजून."

आणि टोपी घालून शेजारच्या वाड्यात बियाण्याची कणसं मागायला निघून गेले. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "ताईले गरम गरम वाढ."

मी वाढलं. त्या उत्तम ज्वारीची पांढरीशुभ्र भाकर, वर वरण. ताईनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण खाणं काही थांबलं नाही. एक भाकर झाली, तिनं दुसरी मागितली. अर्ध्या भाकरीवर आल्यावर तिनं पोलक्याच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या, उकडत होतं म्हणून. आणि तिथं जे काही होतं ते झाकायला तिनं पुन्हा हात खाली नेले नाहीत.

"बियाची भाकर लय गोड असते व," ती म्हणाली आणि हसली.

ती नंतर परत गेली नाही. तिचा नवरा न्यायला आला होता, मान खाली घालून, गाईसारखा. ह्यांनी त्याला चहा पाजला, त्याला एकट्यालाच बंडीत बसवलं आणि फाट्यापर्यंत सोडून आले.